आकार आहे, पाइप नाही: साध्या कॅड मॉडेलपासून पाइपिंगच्या डेटापर्यंत

स्किड (एका चौकटीवर बसवलेला पंप-पाइपचा तयार संच) पुरवणाऱ्याकडून स्टेप फाइल (एका कॅडमधून दुसऱ्यात ३डी आकार नेणारी फाइल) येते. उघडली की सगळं जागच्या जागी दिसतं: पंप, व्हॉल्व्ह, फ्लँज, एल्बो, सपोर्टसुद्धा. मग एखाद्या सहा इंची पाइपवर क्लिक करून प्रॉपर्टीज पाहाव्यात, तर हाती लागतं ते एवढंच: सॉलिड, रंग राखाडी, लेयर शून्य. हा पाइप कोणत्या लाइनचा, शेड्यूल (भिंतीच्या जाडीचा वर्ग) किती, मटेरियल काय, पुढचा फ्लँज त्याला जोडलाय की नुसता टेकलाय, याचा पत्ता नाही. सॉफ्टवेअरच्या लेखी तो एक दंडगोल आहे, बस.

प्लांट ३डी, कॅडवर्क्स, स्मार्ट ३डी किंवा ई३डी यांसारख्या पाइपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पाइप म्हणजे डेटाबेसमधली एक नोंद असते. त्या नोंदीत साइज, शेड्यूल, मटेरियल, स्पेक (त्या लाइनला कोणते घटक चालतात त्याची ठरलेली यादी) आणि लाइन नंबर असतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पोर्ट असतात. पोर्ट म्हणजे घटकाचं जोडणीचं टोक. ते टोक कुठे आहे, कोणत्या दिशेला तोंड करून आहे, त्याचा बोअर किती आणि ते बट वेल्ड, सॉकेट वेल्ड, थ्रेडेड की फ्लँज्ड, हे सगळं पोर्टला माहीत असतं. दोन पोर्ट जुळले की सॉफ्टवेअर मधे वेल्ड टाकतं किंवा गास्केट आणि बोल्ट टाकतं. आयसोमेट्रिक ड्रॉइंग (थोडक्यात आयसो: एका लाइनचं मापांसह रेखाचित्र), मटेरियल टेक-ऑफ (मालाची यादी) आणि स्ट्रेस अ‍ॅनालिसिसला जाणारी फाइल या सगळ्यांचा उगम या जोडण्यांमध्ये आहे. पडद्यावर दिसणारा दंडगोल ही त्या नोंदीची नुसती सावली.

म्हणून 'साध्या मॉडेलचं इंटेलिजंट मॉडेलमध्ये रूपांतर' हे शब्द जरा फसवे आहेत. सॉलिडला वरून बुद्धी चिकटवता येत नाही. सॉलिडमधून मध्यरेषा आणि मापं वाचायची, सॉलिड बाजूला ठेवायचं आणि तीच लाइन स्पेकमधले घटक वापरून नव्याने ओढायची, हा खरा मार्ग. उलटा मार्गही उपलब्ध आहे: सॉलिडला दोन पोर्ट लावा, चार प्रॉपर्टी भरा आणि 'कस्टम पार्ट' म्हणून सोडून द्या. आयसो निघतो, सगळे खूश होतात. पुढे क्लास (दाब सोसण्याचा वर्ग) १५० चा ३०० झाला की तो पार्ट जागचा हलत नाही, कारण स्पेकशी त्याचं नातंच नसतं. एखाद्या विचित्र स्ट्रेनरसाठी ही युक्ती चालेल. पूर्ण लाइनसाठी ती वापरली तर काम संपलेलं नसतं, फक्त पुढे ढकललेलं असतं.

आधी फाइल मागून बघा

बऱ्याच वेळा हे सगळं काम टाळता येतं आणि नेमकं तेच कुणी विचारत नाही. सॉलिडवर्क्सच्या राउटिंगमध्ये किंवा इन्व्हेंटरच्या ट्यूब अँड पाइपमध्ये काम झालं असेल, तर मूळ मॉडेलमध्ये मध्यरेषा आणि घटकांची ओळख शाबूत असते. दोन्हींमधून पीसीएफ काढता येते. स्टेपला एक्स्पोर्ट करताना ती ओळख गळून पडते, उरतात फक्त पृष्ठभाग. तेव्हा पहिला ईमेल पीसीएफ मागणारा असावा.

पीसीएफ ही साधी टेक्स्ट फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडते. वर एककं, मग पाइपलाइनचं नाव आणि खाली एकामागून एक घटक. पाइप असेल तर दोन टोकांचे एक्स-वाय-झेड आणि बोअर. एल्बो असेल तर त्याशिवाय मध्यबिंदू. प्रत्येक फिटिंगला एस-की नावाचा चार अक्षरी कोड असतो, त्यावरून आयसो काढणाऱ्या प्रोग्रामला कोणतं चिन्ह काढायचं ते कळतं. शेवटी आयटम कोड आणि वर्णनं. एवढं हाती आलं तर अर्धी लढाई जिंकली. उरतं ते समोरच्याचे आयटम कोड आपल्या स्पेकमधल्या घटकांशी जुळवणं, म्हणजे एक मॅपिंग टेबल भरणं.

आयएफसी फाइल (बांधकामाच्या मॉडेलची देवाणघेवाण करणारा फॉरमॅट) आली असेल तर तीही आतून तपासावी. त्या फॉरमॅटमध्ये पाइपचा तुकडा, फिटिंग आणि पोर्ट यांना स्वतंत्र जागा आहे. एक्स्पोर्ट करणाऱ्याने ती भरली असेल तर नशीब. स्टेपच्या कुटुंबातही प्लांटच्या मांडणीसाठी एपी २२७ नावाचा वेगळा भाग आहे, पण प्रत्यक्षात हाती पडतात त्या फाइली एपी २०३, २१४ नाहीतर २४२ च्या. त्यात असेंब्लीचं झाड आणि पार्टची नावं असतात. ती नावं फेकू नका. '६ इंच शेड्यूल ४०' असं काही नावात लिहिलेलं सापडलं तर भूमितीतून जे कधीच कळलं नसतं ते फुकट मिळतं.

सगळं बदलायचं नसतं

पंपाच्या केसिंगला पोर्ट लावून काही उपयोग नाही. इक्विपमेंटला हवे असतात फक्त नोझल, म्हणजे पाइप जोडायची तोंडं: जागा, दिशा, साइज, क्लास, फेसिंग. बाकी आकार जसा आहे तसा ठेवून 'इक्विपमेंट' म्हणून नोंदवावा. स्किडच्या आतली पाइपिंग पुरवणाऱ्याच्या जबाबदारीत असेल तर तिथेही हद्दीवरचे टाय-इन पॉइंट पुरेसे असतात. आतलं सगळं क्लॅश (दोन वस्तू एकाच जागी येणं) तपासण्यापुरतं संदर्भ म्हणून जोडायचं. स्ट्रक्चर आणि केबल ट्रे यांचंही तेच. पूर्ण बुद्धी हवी ती फक्त तुम्ही ज्या लाइनचे आयसो काढणार, माल मागवणार किंवा बदल करणार आहात त्यांना. ही यादी लाइन लिस्टवर रंगीत पेनाने खुणा करून आधी ठरवावी. नाहीतर तीन आठवडे अशा पाइपवर जातात ज्यांचा आयसो कुणी मागितलाच नव्हता.

फाइलची तब्येत

एकक चुकलं की इंच आणि मिमीमधला २५.४ पटीचा घोटाळा होतो. तो इतका मोठा असतो की लगेच दिसतो, म्हणून फारसा घातक नाही. घातक असतो तो ओरिजिन (मोजणीचा शून्यबिंदू). समजा मॉडेल सर्व्हेच्या सहनिर्देशांकांवर बसवलंय आणि इस्टिंग (पूर्वेकडचं अंतर) ५,००,००० मीटर आहे. मिलिमीटरमध्ये ते ५०,००,००,००० होतात. मधल्या एखाद्या व्ह्यूअरने किंवा मेश फॉरमॅटने हे आकडे ३२ बिटच्या फ्लोटमध्ये साठवले, तर त्या भागात दोन शेजारच्या संख्यांमधलं अंतरच ३२ मिमी असतं. म्हणजे पाइपचं टोक आणि फ्लँजचं टोक मूळ मॉडेलमध्ये जवळजवळ एकाच बिंदूवर असूनही बाहेर पडताना ३२ मिमी लांब जाऊ शकतात. पडद्यावर आकार थरथरताना, कडा दातेरी दिसल्या की पहिला संशय यावर घ्यावा. उपाय सोपा आहे: एक्स्पोर्ट करण्याआधी मॉडेल स्थानिक ओरिजिनवर आणायचं, किती सरकवलं ते लिहून ठेवायचं आणि सगळं झाल्यावर परत न्यायचं.

दुसरा प्रश्न: भूमिती खरी आहे की जाळी? स्टेप किंवा सॅट या कॅड फॉरमॅटमध्ये दंडगोल हा खरा दंडगोल असतो. अक्ष आणि त्रिज्या फाइलमध्येच लिहिलेली असते. जाळीत मात्र वर्तुळाचा बहुभुज झालेला असतो. बारा बाजूंचा बहुभुज असेल आणि त्याचे कोपरे वर्तुळावर असतील, तर समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर व्यासाच्या ०.९६६ पट भरतं. १६८.३ मिमीचा पाइप १६२.६ चा मोजला जातो. म्हणून जाळीवर मोजताना कोपऱ्यांमधून वर्तुळ बसवायचं, सपाट बाजूंवरून नाही. काही एक्स्पोर्टर याहून वाह्यात वागतात. एल्बोचा टोरस (वाकवलेल्या नळीचा आकार) ते नर्ब्ज (मुक्त वक्र) पृष्ठभागात बदलून टाकतात, मग त्रिज्या थेट वाचता येत नाही. पृष्ठभागावर आडवे काप घेऊन मध्यबिंदूंमधून चाप बसवावा लागतो.

आणि दंडगोल बहुतेकदा दोन अर्ध्या भागांत येतो, १८० अंशांचे दोन तुकडे. ते एकत्र मोजले नाहीत तर प्रत्येक पाइप यादीत दोनदा येतो.

व्यासावरून साइज: इथेच सगळ्यात जास्त फसगत

तत्त्व सोपं आहे. बाहेरचा व्यास ठरलेला असतो. २ इंच म्हणजे ६०.३ मिमी, ३ इंच ८८.९, ४ इंच ११४.३, ६ इंच १६८.३, ८ इंच २१९.१. १२ इंचांपर्यंत बाहेरचा व्यास नावातल्या आकड्यापेक्षा मोठा, १४ इंचांपासून पुढे तो नावाइतकाच, म्हणजे १४ ला ३५५.६. व्यास वाचा, टेबलमध्ये शोधा, साइज मिळाली. काम संपलं असं वाटतं.

आता इन्सुलेशनचा विचार करा. अनेक मॉडेलमध्ये पाइपवर इन्सुलेशनचं आवरण वेगळा सॉलिड म्हणून असतं, आणि फाइल हलकी करताना आतलं सगळं काढून फक्त बाहेरचं ठेवलेलं असतं. ३ इंची पाइपवर ४० मिमी इन्सुलेशन असेल तर बाहेरचा व्यास ८८.९ अधिक ८०, म्हणजे १६८.९ होतो. ६ इंची उघडा पाइप १६८.३ चा. फरक ०.६ मिमी. तुम्ही टॉलरन्स (चालवून घेण्याजोगा फरक) १ मिमी ठेवला असेल तर सॉफ्टवेअर एकही इशारा न देता ३ इंची लाइनची ६ इंची करून मोकळं होईल. ४ इंचीवर २५ मिमी इन्सुलेशन घातलं तर १६४.३ होतात, ५० मिमी घातलं तर २१४.३, ६ आणि ८ इंचांपासून ही मापं ४ ते ५ मिमीवरच आहेत. ढिला टॉलरन्स ठेवणाऱ्यांसाठी हे सापळेच.

यातून सुटण्याचा मार्ग म्हणजे लाइनचं माप पाइपवरून एकट्याने ठरवायचं नाही. त्याच लाइनवरचा फ्लँज बघा. इन्सुलेशन बहुधा फ्लँजच्या अलीकडे थांबतं आणि फ्लँज खोटं बोलत नाही. नसेल तर लाइन लिस्टमधली साइज शेवटचा शब्द.

जपानी मापांचे पाइप असतील तर १५० ए चा व्यास १६५.२ आणि २०० ए चा २१६.३ असतो, जुन्या डीआयएन मालिकेत डीएन १०० म्हणजे १०८ मिमी. कोणतं टेबल वापरायचं हे मॉडेल सुरू करण्याआधी ठरलं पाहिजे. जवळचा आकडा आपोआप घेणारी सोय बंद ठेवा आणि टेबलाबाहेरचा प्रत्येक व्यास वेगळ्या यादीत टाका. ती यादी माणसाने वाचायची.

शेड्यूलचं काय? पाइप भरीव काढला असेल तर काहीच कळत नाही. पोकळ असेल तर आतल्या व्यासावरून जाडी निघते: ६ इंचाला ७.११ मिमी म्हणजे शेड्यूल ४०, १०.९७ म्हणजे ८०. अंदाजाने भरू नका. शेड्यूल ४० चा ६ इंची पाइप मीटरला २८.२६ किलो भरतो, ८० चा ४२.५६. वीस मीटरच्या लाइनमध्ये २८६ किलोंचा फरक पडतो आणि तो थेट सपोर्टच्या भारावर आणि स्ट्रेसच्या निकालावर जातो.

एल्बो, फ्लँज आणि फांद्या

एल्बोचा टोरस दोन आकडे देतो: नळीची त्रिज्या आणि वळणाची त्रिज्या. दोन्ही लागतात. ४ इंची लाँग रेडियस एल्बोची वळणाची त्रिज्या १५२.४ मिमी, आणि ६ इंची शॉर्ट रेडियसचीही १५२.४. फक्त वळण बघितलं तर दोघांत गल्लत होणारच. वळणाची त्रिज्या साइजच्या दीडपट किंवा एकपट दोन्ही नसेल, तर तो एल्बो नसून वाकवलेला पाइप असू शकतो. त्याला वेल्ड नसतात आणि मटेरियल यादीत तो पाइपच्या लांबीत जातो. मेकॅनिकल कॅडमध्ये संपूर्ण लाइन एका स्वीपने काढलेली असते तेव्हा ही शक्यता हमखास तपासावी.

फ्लँजचा क्लास बाहेरचा व्यास आणि बोल्टच्या भोकांवरून ओळखता येतो. ६ इंचाला क्लास १५० चा व्यास २८० मिमी आणि ८ भोकं. ३०० चा ३२० आणि १२ भोकं. इथपर्यंत सरळ. मात्र २ इंचाला क्लास ३०० आणि ६०० दोन्हींचा व्यास १६५, भोकं आठ आणि पिच सर्कल (भोकांच्या केंद्रांमधून जाणारं वर्तुळ) १२७ मिमीच. फरक उरतो तो जाडीत आणि रेझ्ड फेसच्या (फ्लँजच्या तोंडावरच्या उंचवट्याच्या) उंचीत: ३०० ला २ मिमी, ६०० ला ७ मिमी. मॉडेलमध्ये फेस काढलेलाच नसेल, आणि सहसा नसतो, तर उत्तर फक्त स्पेककडे असतं.

रिड्यूसर (साइज बदलणारी फिटिंग) एक्सेंट्रिक (अक्ष सरकलेला) आहे की कॉन्सेंट्रिक (अक्ष एकच), हे दोन्ही टोकांच्या अक्षांवरून कळतं. ६ बाय ४ च्या एक्सेंट्रिकमध्ये अक्ष २७ मिमी सरकलेला असतो. तो कॉन्सेंट्रिक म्हणून ओढला की पुढची अख्खी लाइन २७ मिमी वरखाली जाते आणि शेवटच्या नोझलला जुळत नाही. पंपाच्या सक्शनला सपाट बाजू वर की खाली, हेही इथेच नोंदवायचं. आडव्या लाइनला ती खाली गेली तर वरच्या कोपऱ्यात हवा अडकते.

फांदी जिथे निघते तिथे सॉलिड फारच मुका असतो. दंडगोलाला दंडगोल भिडवलेला. हा टी आहे, वेल्डोलेट (पाइपवर वेल्ड करायची फांदीची फिटिंग) आहे की पाइपला भोक पाडून वेल्ड केलेला तुकडा, आकारावरून कळायला मार्ग नाही. उत्तर स्पेकच्या ब्रँच टेबलमध्ये असतं: हेडर इतक्या इंचांचा, फांदी इतक्या इंचांची, तर घटक अमुक. तिथून टी आला तर पाइपची लांबी कमी करायला विसरू नका. ६ इंची समान टीचं केंद्रापासून टोकापर्यंतचं माप १४३ मिमी, म्हणजे हेडरच्या लांबीतले २८६ मिमी टीचे. वेल्डही एकाऐवजी तीन होतात.

व्हॉल्व्ह? आकारावरून प्रकार ओळखायच्या भानगडीत पडू नये. फेस टू फेस (दोन टोकांमधलं अंतर) मोजा, त्याचा पडताळ्यासाठी उपयोग होतो: ६ इंची क्लास १५० फ्लँज्ड गेटचं २६७ मिमी, त्याच क्लासच्या ग्लोबचं ४०६. पण टॅग आणि प्रकार पी अँड आयडीवरून (पाइपिंग आणि उपकरणांच्या आराखड्यावरून) घ्यायचे, चेक व्हॉल्व्हची दिशासुद्धा. हँडव्हील कुठे वळलंय तेवढं मात्र मॉडेलच सांगेल.

मध्यरेषेचं जाळं

घटक ओळखून झाले की ते एकमेकांना जोडायचे. प्रत्येक पाइपची दोन टोकं, एल्बोची दोन, टीची तीन; ज्यांची जागा एक आणि दिशा समोरासमोर, ती जोडी. सुरुवात नेहमी इक्विपमेंटच्या नोझलपासून करावी आणि दुसऱ्या नोझलपर्यंत चालत जावं. वाटेत तुटलं की थांबून बघायचं. टॉलरन्स आधी १ मिमी ठेवा, न जुळलेल्या टोकांची यादी काढा आणि मगच ५ पर्यंत वाढवा. उलट क्रमाने गेलात तर शेजारून जाणाऱ्या दोन छोट्या लाइन एकमेकींना चिकटतात आणि ती गाठ नंतर शोधून सापडत नाही.

उतार असलेल्या लाइनकडे वेगळं लक्ष हवं. १:१०० च्या उताराला आडव्यातून उभ्यात जाणारा कोन ९० नसून ८९.४३ किंवा ९०.५७ अंश भरतो. सॉफ्टवेअरने तो दयाळूपणे ९० केला की उतार गेला, आणि दहा मीटरवर उंचीत १०० मिमीचा फरक पडला. ड्रेन लाइनचा उतार नाहीसा झाला तर प्लांटमध्ये तो कुणाला तरी नक्की आठवतो.

लाइन नंबर भूमितीत नसतोच. तो पी अँड आयडी आणि लाइन लिस्टमधून येतो: अमुक इक्विपमेंटच्या नोझलपासून तमुकच्या नोझलपर्यंत. दोन्ही टोकांचे नोझल टॅग बरोबर असतील तर हे जुळवणं बरंचसं आपोआप होतं, म्हणून टॅग आधी नीट करावेत. स्पेक ब्रेक (जिथे एक स्पेक संपून दुसरा सुरू होतो ती जागा) साधारण एखाद्या व्हॉल्व्हपाशी असतो आणि तो व्हॉल्व्ह वरच्या क्लासचा धरायचा असतो. हे हाताने तपासावं.

पुन्हा ओढताना

स्पेकमधून लाइन उभी राहू लागली की एक विचित्र गोष्ट दिसते: ती मूळ मॉडेलपेक्षा थोडी लांब होते. कारण गास्केट. साध्या मॉडेलमध्ये दोन फ्लँज एकमेकांना टेकलेले असतात. खऱ्या लाइनमध्ये प्रत्येक जोडामध्ये गास्केटचे साधारण ३ मिमी असतात. फ्लँज्ड व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंचे मिळून ६. ती वाढ कुठे जिरवायची हे तुम्ही ठरवा, सॉफ्टवेअरवर सोडू नका. नोझल आणि एल्बोचे केंद्रबिंदू जागेवर ठेवा आणि मधल्या सरळ पाइपची लांबी कमी करा. दोन ६ इंची एल्बोंच्या केंद्रांमध्ये ३,००० मिमी असतील, तर पाइप ३,००० वजा दोनदा २२८.६, म्हणजे २,५४२.८. मधे गेट व्हॉल्व्ह असेल तर दोन वेल्ड नेक फ्लँज आणि गास्केट धरून आणखी साधारण ४५० मिमी कमी. उरलेला तुकडा फारच आखूड आला, चाळीस-पन्नास मिमीचा, तर मूळ मॉडेल काढणाऱ्याने फिटिंगची मापं अंदाजाने घेतली होती असं समजा.

स्पेकमध्ये घटक सापडला नाही की मोह होतो जवळपासचा घटक टाकण्याचा. त्याऐवजी ठळक रंगाचा तात्पुरता घटक टाका आणि यादीत नोंद ठेवा.

तपासणीसाठी पहिला प्रयोग आयसो काढण्याचा. प्रत्येक स्पेकमधली एकेक लाइन आधी चालवून बघावी. सगळं मॉडेल झाल्यावर नव्हे. एका लाइनचे आयसो विनाकारण दोन-तीन तुकड्यांत आले, तर मधे कुठेतरी जोडणी तुटलेली आहे. मग नवी लाइन आणि जुनं सॉलिड एकावर एक ठेवून मध्यरेषेतलं अंतर मोजा आणि ५ मिमीच्या वरचं सगळं लाल करा. लाल भाग दोन प्रकारचे निघतात: जिथे तुमचं वाचन चुकलं, आणि जिथे मूळ मॉडेलच चुकीचं होतं. दुसऱ्या प्रकाराची यादी मॉडेल पाठवणाऱ्याकडे परत जाते. शेवटी मोजदाद: लाइनवर फ्लँजचे किती जोड आणि बोल्टचे किती संच? ६ इंची क्लास १५० च्या प्रत्येक जोडाला पाऊण इंची ८ स्टड. जोड पाच आणि संच चार आले, तर एक फ्लँज अजूनही नुसता टेकलेला आहे.